रोगांची जुनी नावे आणि त्यांचे आजचे अर्थ

मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली मुंबईत निघाली. तिचे एक पुनर्मुद्रण आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे. मराठीच्या एका स्वाध्यायासाठी तो जाडजूड ग्रंथ चाळत असता पटकी, देवी, गंडमाळा, नारू अशी रोगांची नावे मला जागोजाग भेटू लागली. ही नावे मला नवी नव्हती. आमच्या घरी आणि शेजारीपाजारी ती अजून बोलली जातात. नवल वाटले ते सालाचे. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले ते २४ मार्च १८८२ रोजी, म्हणजे हा कोश निघाल्यावर २५ वर्षांनी. तेव्हा ही सारी नावे रोगजंतूंची ओळख पटण्यापूर्वीची आहेत, आणि तरीही ती मेलेली नाहीत. त्यांचा आज काय अर्थ घ्यावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय.

विषय निवडण्यास आणखी एक कारण घडले. आमच्या भावकीत महाविद्यालयात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे दवाखान्यातून आलेला केसपेपर वाचून दाखवण्यासाठी लोक माझ्याकडे आणतात. मी कला शाखेची विद्यार्थिनी. वैद्यक मला कोठून येणार? पण कागदावरचे ‘हर्पिस झोस्टर’ म्हणजे आपली नागीण, एवढे कोश पाहून सांगता येते. घरात दुखणे एका भाषेत बोलले जाते आणि कागदावर दुसऱ्या भाषेत लिहिले जाते. मधल्या मध्ये कधी आठवडे जातात, कधी महिने.

जुने नाव बहुधा डोळ्यांनी ठेवलेले असते. धनुर्वातात रोग्याचे अंग धनुष्यासारखे मागे वाकते. हत्तीरोगात पाय हत्तीच्या पायासारखा सुजतो. पंडुरोगात कांती फिकी पडते, काविळीत डोळे पिवळे होतात. नाव ठेवणाऱ्यांजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता, पण निरीक्षण मात्र बारीक होते. आजचे वैद्यक नाव देते ते शक्यतो कारण पाहून. यामुळे ‘जुने अमुक म्हणजे नवे तमुक’ अशी सरळ जोडी लावता येत नाही. एका जुन्या नावाचे चार तुकडे होतात आणि चार जुनी नावे एका जंतूखाली गोळा होतात. कावीळच घ्या. तो एक रोग नव्हेच, ते लक्षण आहे. दूषित पाण्यातून आलेल्या विषाणूने यकृताला सूज आली तरी कावीळ, पित्तनलिकेत खडा अडकला तरी कावीळ, आणि दारूने यकृत खराब झाले तरी कावीळच. पहिल्या प्रकारातील बहुतेक रोगी पथ्याने व विश्रांतीने आपोआप बरे होतात. माळ घालून कावीळ उतरवणाऱ्यांचे नाव होते ते या रोग्यांवर. खडा अडकलेला रोगी मात्र माळेने कसा बरा व्हावा?

नावांच्या घोटाळ्याचे सर्वात बोलके उदाहरण म्हणजे गालगुंड, गलगंड आणि गंडमाळा. तिन्ही नावे कानाला एकमेकांची भावंडे वाटतात, आणि तिन्हींत सूज येते ती गळ्याच्या आसपासच. परंतु तीन रोगांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. गालगुंड हा विषाणूचा रोग. कानाच्या खाली व पुढे असलेली लाळेची ग्रंथी सुजते, ठणकते, चावताना दुखते आणि आठवड्या-दहा दिवसांत बहुधा ओसरते. गलगंड म्हणजे गळ्याच्या पुढच्या भागातील अवटु ग्रंथीची वाढ. हिचे एक मोठे कारण आहारात आयोडिनाची कमतरता हे होय. डोंगराळ मुलखात, विशेषतः हिमालयाच्या पायथ्याशी, गावेच्या गावे या रोगाने ग्रासलेली असत. भारत सरकारने १९६२ साली गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, आणि आज आपण खातो ते आयोडिनयुक्त मीठ त्यातूनच आले. म्हणजे या रोगावरचा उपाय वाण्याच्या दुकानात मिळतो.

गंडमाळा हे प्रकरण अगदी निराळे. मानेत एक गाठ येते, तिच्याशेजारी दुसरी, मग तिसरी. माळेत मणी ओवल्यासारख्या गाठी होतात, म्हणून गंडमाळा. गाठी सहसा दुखत नाहीत, आणि गोची आहे ती इथेच. दुखत नाही त्याकडे कोण लक्ष देतो? पुढे एखादी गाठ फुटून वाहू लागते. जुन्या वैद्यांना या तीन रोगांतला भेद कळत नव्हता असे कोणी समजू नये. माधवनिदान या प्राचीन ग्रंथात गलगंड, गंडमाळा आणि वाहणारी अपची यांचा वेगवेगळा विचार केलेला आहे. भेद ग्रंथात राहिला आणि बोलण्यातून निसटला. आजच्या वैद्यकानुसार गंडमाळा म्हणजे बहुतांशी मानेतील लसिका ग्रंथींचा क्षयरोग. जंतू तोच, कॉख यांना दिसलेला.

आमच्या वाडीतील एका मुलीच्या मानेत दिवाळीच्या सुमारास गाठ आली. ‘गालगुंड आहे, बसेल,’ असे म्हणून तिला गेरूचा लेप दिला. गाठ बसली नाही, तेव्हा चुन्याचा लेप दिला. माघ सरता सरता दोन गाठी झाल्या आणि तिला संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला. दवाखान्यात गाठीतून सुईने पेशी काढून तपासल्या आणि क्षय निघाला. तिच्या आईला ते पटेना. ‘पोरीला खोकलासुद्धा नाही, मग क्षय कसला?’ असे ती म्हणे. आईचे म्हणणे शब्दाला धरूनच होते. आपल्याकडे क्षय म्हणजे खोकला, बेडक्यातून रक्त आणि छातीचा सापळा, असा अर्थ रूढ झालेला आहे. परंतु क्षयाचा जंतू फुप्फुसाप्रमाणेच ग्रंथींत, मणक्यात, आतड्यात, मेंदूच्या आवरणातही जाऊन बसतो. ग्रंथीचा क्षय थुंकी तपासून कळत नाही, आणि अशा रोग्यापासून घरच्यांना लागणही सहसा होत नाही. मुलीने सहा महिने नेमाने गोळ्या घेतल्या व ती बरी झाली. लेपात गेलेले महिने मात्र वाचवता आले असते.

क्षय या शब्दाविषयी थोडे अधिक लिहिणे जरूर आहे. क्षय म्हणजे झिजणे. संस्कृत ग्रंथांत याला राजयक्ष्मा म्हटले आहे आणि त्यामागे एक कथा आहे. दक्षाच्या सत्तावीस कन्या चंद्राला दिल्या होत्या. तो एकट्या रोहिणीतच रमला, म्हणून दक्षाच्या कोपाने त्याला झीज लागली. राजाला, म्हणजे चंद्राला झालेला यक्ष्मा तो राजयक्ष्मा. कथा सुरेख आहे. पण या नावात रोगाचे कारण रोग्याच्या वागणुकीत शोधलेले आहे, हेही ध्यानात घ्यावे. क्षयी माणसाकडे ‘काहीतरी केले असेल’ अशा नजरेने पाहण्याची खोड इतकी जुनी आहे. इंग्रजीतही या रोगाला पूर्वी ‘कन्झम्प्शन’ म्हणत; अर्थ तोच, देह खाऊन टाकणारा. १८८७ साली डॉ. आनंदीबाई जोशी अवघ्या एकविसाव्या वर्षी वारल्या त्या याच रोगाने. अमेरिकेतून वैद्यकाची पदवी घेऊन आलेल्या या बाईंच्या वेळी जंतू सापडून पाच वर्षे झाली होती, पण जंतूला मारणारे औषध कोणाजवळच नव्हते. ते येण्यास १९४० नंतरचे दशक उजाडावे लागले.

आज जगात क्षयाचे सर्वाधिक रोगी भारतात आहेत. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. रोग्यांची नोंद ज्या सरकारी व्यवस्थेत होते तिचे नाव ‘निक्षय’, आणि तिच्याशी जोडलेल्या पोषण योजनेत रोग्याला उपचार चालू असेपर्यंत पैसे मिळतात: २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये, आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये. जुना शब्द असा संगणकाच्या पडद्यावर जाऊन बसला आहे. मला स्वतःला हे नाव आवडते.

काही नावे डोळ्यांनी ठेवलेली नाहीत, भीतीने ठेवलेली आहेत. देवी हे त्यांतले पहिले. रोगाचे नाव घेणे म्हणजे त्याला बोलावणे, म्हणून त्याला देवीच म्हणून टाकले. देवी ‘होत’ नसत, ‘येत’ असत. घरात देवी आल्या की फोडणी बंद, दाराला कडुलिंबाचा डहाळा, आणि औषध बहुधा नाहीच, कारण पाहुणीला औषध देऊन हाकलायचे कसे? गंमत अशी की लस टोचण्यालाही मराठीत ‘देवी काढणे’ असेच नाव पडले. भारतात पहिली लस टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. एडवर्ड जेन्नर यांनी इंग्लंडात पहिला प्रयोग केला त्याला तेव्हा सहाच वर्षे झाली होती. भारतातील देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली आढळला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. आमच्या आजीच्या दंडावर देवी काढल्याचे गोल वण आहेत. माझ्या वयाच्या कोणाच्याही दंडावर ते नाहीत.

रोग गेला, पण देवी मात्र गेली नाही. ती आता कांजिण्यांवर आणि गोवरावर येऊन बसली आहे. गोवर आलेल्या मुलाला अजूनही कित्येक घरांत डॉक्टरकडे नेत नाहीत. गोवराचा पुरळ आपोआप जातो हे खरे, पण मूल दगावते ते पुरळाने नव्हे. गोवरानंतर होणारा न्यूमोनिया आणि हगवण त्याला नेतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली तेव्हा लहान मुले दगावली, आणि ही गोष्ट काही आजीच्या काळातली नव्हे. लस नवव्या महिन्यानंतर पहिल्यांदा व दीड वर्षाच्या सुमारास दुसऱ्यांदा देतात.

कांजिण्यांची गोष्ट वेगळ्या कारणाने मनोरंजक आहे. कांजिण्या लहानपणी होतात व बऱ्या होतात. परंतु त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गुच्छात दडून राहतो. चाळीस-पन्नास वर्षांनी, शक्ती कमी झाली की तोच विषाणू एका मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो आणि कातडीवर फोडांचा पट्टा उठतो. हीच नागीण. म्हणजे नातवाच्या कांजिण्या आणि आजोबांची नागीण हा एकच रोग, एका जीवाची दोन नावे. नागीण कमरेला वेढा घालते आणि तिचे तोंड शेपटीला मिळाले की माणूस मरतो, असे आमच्याकडे सर्रास मानतात. वस्तुतः मज्जातंतू शरीराच्या एकेका बाजूचा असतो. म्हणून नागीण बहुतेक वेळा मध्यरेषेपाशीच थांबते. वेढा पुरा होतच नाही. नागीण उतरवणारा मंत्र टाकतो, गेरूने तिच्या वाटेवर रेघ ओढतो, आणि नागीण खरोखरच रेघेपाशी थांबते. ती रेघ नसती तरी थांबलीच असती. फोड दोन ते चार आठवड्यांत सुकतात व मांत्रिकाची कीर्ती वाढते. नुकसान होते ते निराळेच. विषाणूवरचे औषध फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केले तर सर्वात उपयोगी पडते. ते तास रेघ ओढण्यात गेले तर फोड गेल्यावरही त्या जागी महिनोन्महिने आग होत राहण्याचा धोका वाढतो, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत. कपाळावर व डोळ्याजवळ उठलेली नागीण दृष्टीसुद्धा घालवू शकते.

पटकीला जरीमरी, महामारी, वाखा अशी नावे गावागावांत आहेत आणि गावाच्या शिवेवर मरीआईचे देऊळही असते. आजचे नाव कॉलरा. जंतू पाण्यातून येतो. जुलाबाच्या रोग्याला पाणी देऊ नये हा समज जंतूइतकाच घातक होता. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून रोगी वाचवले, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण शेकडा ३० वरून ४ च्या खाली आले. प्लेगला आपल्याकडे गाठीचा ताप म्हणत. १८९७ साली सावित्रीबाई फुले वारल्या त्या याच तापाने, रोग्यांची शुश्रूषा करता करता. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला मानमोडी हे नाव पडले. नारू देशातून गेला, २००० साली तसे प्रमाणपत्रही मिळाले; त्याची फक्त म्हण उरेल.

जुन्या नावाने कमाल केली आहे ती हिवतापात. एक दिवसाआड येणारा ताप तो एकांतरा. ग्रंथांत त्याला तृतीयक म्हणतात, कारण आजचा दिवस धरून मोजले तर पुढची थंडी तिसऱ्या दिवशी वाजते. दोन दिवस सोडून येणारा तो चतुर्थक. हिवतापाच्या एका जातीच्या परजीवीचे चक्र ४८ तासांचे व दुसऱ्या जातीचे ७२ तासांचे असते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उमगले. डास हा रोग पसरवतो याचा धागा रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी सापडला. आपल्या पूर्वजांनी परजीवी न पाहता त्याचे वेळापत्रक बरोबर लिहून ठेवले होते! मात्र सर्वात घातक जातीचा हिवताप हे वेळापत्रक नीट पाळत नाही. म्हणून तिसऱ्या दिवसाची वाट पाहत बसू नये. पहिल्या थंडीलाच रक्त तपासावे.

शेतकऱ्याच्या घरात एक जादा घोटाळा होतो, तो येथेच नोंदवते. घटसर्प हे नाव माणसाच्याही रोगाला आहे आणि गुरांच्याही. माणसाचा घटसर्प म्हणजे डिप्थेरिया. घशात करडा पापुद्रा धरतो व श्वास कोंडतो. गुरांच्या घटसर्पाचा जंतू अगदीच वेगळा. पावसाळ्यापूर्वी गोठ्यात येऊन टोचतात ती लस गुरांची. तिचा घरातल्या पोराशी संबंध नाही. पोराची लस निराळी, आणि तिच्यात धनुर्वाताची लसही असते.

आता ज्या नावाने सर्वाधिक अन्याय केला त्याकडे वळू. महारोग! रोग मोठा म्हणून ‘महा’, आणि रोगी मात्र गावाबाहेर. नॉर्वेतील डॉ. हॅन्सन यांना या रोगाचा जंतू १८७३ साली दिसला. हा रोग अगदी हळू पसरतो, बहुतेकांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची शक्ती असते, आणि १९८१ पासून प्रचारात आलेल्या बहुविध औषधांनी तो सहा महिने ते एका वर्षात बरा होतो. औषध सुरू होताच रोगी दुसऱ्याला लागण देईनासा होतो. तरीही आपल्या देशात नवरा-बायकोपैकी एकाला हा रोग असणे हे घटस्फोटाचे कारण कायद्यात लिहिलेले होते. ते पाच कायद्यांतून वगळले गेले २०१९ साली. औषध निघाल्यावर कायद्याला तब्बल अडतीस वर्षे लागली.

महारोग हा शब्द टाकून कुष्ठरोग म्हणावे असा प्रघात पडला, तो योग्यच. पण त्यातून दुसरा गुंता झाला. आयुर्वेदात कुष्ठ हा एक रोग नव्हे. कातडीच्या अठरा विकारांना मिळून ते नाव आहे. त्यात आज ज्यांना आपण गजकर्ण, इसब वगैरे म्हणतो तसलेही विकार येतात. आपला ‘कोड’ हा शब्दही कुष्ठ याच शब्दाचा अपभ्रंश. कोड म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा होऊन पडलेले पांढरे डाग. त्यात जंतू नाही, तो कोणाला लागत नाही, हातपाय झडत नाहीत, बधिरपणा येत नाही. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर मात्र स्पर्श कळत नाही. ही खूण कोणीही घरी पाहू शकतो. दोन रोगांत एवढे अंतर असताना केवळ शब्दाच्या नात्याने कोडाच्या मुलीला वेगळ्या पेल्यातून पाणी दिलेले मी पाहिले आहे. तिचे लग्न मोडले तेव्हा वरपक्षाने कारण सांगितले ते एकाच शब्दात. तो शब्द सोळाशे मैलांवरून नव्हे, आपल्याच कोशातून आलेला होता.

राहिला डबा. तान्ह्या मुलाला डबा झाला म्हणजे पोट उडते, नाकपुड्या फुलतात, बाळ पाजायला घेत नाही. रोग पोटाचा समजून पोटावर बिब्बा घालतात, कोठे तापलेल्या लोखंडाने चटकेही देतात. मेळघाटातून अशा बातम्या वेळोवेळी येतात. नाव ठेवणाऱ्याने पाहिले ते बरोबर पाहिले होते. पोट खरेच उडते. परंतु ते उडते फुप्फुसाला सूज आल्यामुळे. श्वास ओढताना बरगड्यांखालचा भाग आत जातो म्हणून पोट वर-खाली दिसते. आजच्या भाषेत हा बहुधा न्यूमोनिया. ओळखण्याची जी रीत आरोग्य सेविकांना शिकवतात तीत जंतूचे नावसुद्धा लागत नाही, फक्त घड्याळ लागते. बाळ दोन महिन्यांच्या आतले असेल तर मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा अधिक श्वास असले की त्याला तडक दवाखान्यात न्यावे. पोट उडत असेल तर मोजत बसण्याचीही वाट पाहू नये. मोजताना बाळ रडत नसावे, अंगावर पीत नसावे. झबले वर करून पोटाकडे पाहावे आणि पूर्ण एक मिनिट मोजावे, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मध्येच थांबतो आणि मध्येच घाईने चालतो.